आईच्या प्रार्थनेला ओबेदने टोपी काढली नाही

आमच्या नातवाला, मायकाला, घराण्याचा इतिहास सांगायची भारी हौस. दारात कोणी पाहुणा आला, त्याच्या हातात सफरचंदाच्या सायडरचा पेला पडला, की स्वारी सुरू: पणजोबा जोएलने शपथ घ्यायला नकार दिला, इंग्लंडच्या तुरुंगात प्राण सोडला, पणजी डॅमरिसने तान्ही पोर छातीशी धरून समुद्र ओलांडला, आणि इथे पेनसिल्व्हेनियात येऊन जन्मभर देवाचा शब्द सांगितला. ऐकून माझं डोकं उठतं. अरे बाबा, ती तान्ही पोर इथे चुलीपाशी बसून तुझ्यासाठी मक्याची पेज ढवळतेय, तिला विचार की!

गोष्ट एवढी गुळगुळीत असली की मला तिचा संशय येतो. माझा स्वभावच तसा. कोणी फार गोड बोललं की मी आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघते. हा गुण आईचा, म्हणजे त्याच डॅमरिसचा, जिला हा पोरगा संतीण करून टाकतो.

आई ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. हात कायम लाल आणि दुधाचा वास येणारे. पहिला हिवाळा तिने नदीच्या काठात खणलेल्या बिळात काढला, मला पोटाशी घेऊन. मग कोणाच्या तरी गायी सांभाळल्या, चीज करायला लागली, हळूहळू ओढ्याच्या वरच्या अंगाला स्वतःची जमीन केली. दुसरं लग्न केलं नाही. मागणी घालायला कोणी आलाच तर त्याला चीजचा तुकडा खायला घालायची आणि ‘घोडा ताटकळलाय तुझा’ म्हणून वाटेला लावायची.

बाहेरचे आम्हाला क्वेकर म्हणून हसतात, आम्ही एकमेकांना मित्र म्हणतो. आमच्यात अहोजाहो नाही. गव्हर्नर दारात आला तरी ‘ये, बस’ एवढंच, आणि टोपी डोक्यावरच. टोपी निघते ती फक्त देवासमोर. सभेत पाद्री नाही, गाणी नाहीत. सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि ज्याच्या आतून शब्द येईल त्याने उठून बोलायचं. ज्यांच्या बोलण्याला वजन, त्यांचं बाक पुढे, लोकांकडे तोंड करून. आई त्या बाकावर बसायची. बोलायची चांगलं, पण खरं सांगायचं तर ती तिथे बसली होती जोएलची विधवा म्हणून. ज्याचा नवरा शपथेपायी मेला तिला मागे कोण बसवणार?

शपथ आम्हाला वर्ज्य. आमचं हो म्हणजे हो. बायबलच्या पुस्तकावर हात ठेवून ‘आता खरं बोलतो’ म्हणायचं, म्हणजे एरवी खोटं बोलतो असंच कबूल करायचं ना? तिकडे इंग्लंडात न्यायाधीश मुद्दाम राजनिष्ठेची शपथ पुढे करायचे, आमचे लोक नाही म्हणायचे आणि तुरुंगात कुजायचे.

तर आईची एक गोष्ट मला लहानपणापासून खटकायची. नवीन कुटुंब वस्तीला आलं की तिचा पहिला प्रश्न, ‘तिकडची कुठली तुम्ही?’ वेल्स म्हणाले, चेशायर म्हणाले, की हिचा चेहरा मोकळा. सॉमरसेट म्हणाले की हिला एकदम गाय आठवायची. सॉमरसेट आमचं स्वतःचं. आपल्या गावाकडचं माणूस भेटल्यावर कोणी पळतं का?

मग ओबेद स्ट्रोड आला. आमच्या ओढ्यावरची गिरणी पाचसहा घरांच्या भागीत होती, सगळ्यात मोठा वाटा एझ्रा बेंटचा. एझ्रा म्हणजे सभेतला वडीलधारा, त्याच्या ‘हं’लाही लोक मान द्यायचे. त्यांनी ओबेदला गिरणीवर ठेवलं. चाळिशीचा, एकटा, ओंडक्यासारखा माणूस. तेव्हा सभा एझ्राच्या कोठारात भरायची. ओबेद दारातून आत आला आणि आईने माझं मनगट एवढ्या जोरात धरलं की मी ओरडणारच होते.

“कोण आहे गं तो?” मी घरी येताना विचारलं.

“गिरणीवाला.”

“ओळखतेस?”

“मी कशाला ओळखू?”

दुसऱ्या दिवसापासून आमचा मका त्या गिरणीवर जायचा बंद झाला. घोड्यावर पोती टाकून मला दोन ओढे ओलांडून दुसऱ्या गिरणीवर जावं लागायचं, बर्फ असो की चिखल.

“त्याच्या पिठात वाळू येते,” आई म्हणाली.

“काहीतरीच! मर्सीकडे त्याच्याच पिठाची भाकरी खाल्लीय मी. लोण्यासारखी होती.”

“मर्सीला काय, ती वाळूही खाईल.”

माझी आई, जिचं हो म्हणजे हो, ती माझ्या तोंडावर खोटं बोलत होती. तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवायला लागले. ओबेद रस्त्याने येताना दिसला की ती कुंपणाच्या पलीकडून जायची. सभा सुटल्यावर आवारात सगळे बोलत उभे राहायचे, ती मला ओढत घरी न्यायची.

आणि तोही काही साधा वाटत नव्हता हो. मागून हाक मारली तर वळायचा नाही, एवढा ताठा! आवारात चार माणसं बोलत असली तर हा झाडाखाली एकटा. गिरणीत काम करताना एका मनगटाला कातडी दोरी बांधलेली, तिचं दुसरं टोक वर, दळायचं धान्य ओततात त्या चाडीत. कशाला, ते कोणालाच ठाऊक नाही. काही विचारलं तर ठरलेलं उत्तर: ‘देव वेळेवर दाखवील.’ एझ्राची बायको मर्सी, जिच्या जिभेला रविवारचीसुद्धा सुट्टी नसायची, ती म्हणायची, “माझं ऐक केझिया, या माणसाच्या पोटात काहीतरी आहे.”

मला तर खात्री होती. या दोघांत काहीतरी आहे, आणि आई मला सांगत नाहीये. रात्रंदिवस तेच डोक्यात. माझा बाप खरंच जोएल ना, इथपर्यंत माझी मजल गेली. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

चारेक वर्षं अशी गेली. मी बावीस वर्षांची झाले. त्या वर्षी दगडी सभाघर बांधून झालं. पक्की जमीन, पक्की बाकं, खुंट्या मारून जमिनीत बसवलेली. दुसऱ्याच सभेत आई पुढच्या बाकावरून उठली आणि गुडघे टेकून प्रार्थना करायला लागली. आमची रीत अशी की कोणी प्रार्थनेला गुडघे टेकले की सगळ्यांनी उभं राहायचं आणि पुरुषांनी टोपी काढायची. सगळे उठले. टोप्या निघाल्या.

ओबेद उठला नाही. टोपी डोक्यावर, डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावर कसला शांतपणा!

याचा अर्थ आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. सगळे उभे असताना एकाने टोपी घालून बसून राहायचं, म्हणजे त्याने भर सभेत सांगायचं: ही बाई देवापुढे तोंड उघडायच्या लायकीची नाही, आणि का नाही ते मला माहीत आहे. यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली.

आईने डोळे उघडले आणि तिला तो दिसला. वाक्य अर्ध्यावर थांबलं. ती तशीच गुडघ्यावर राहिली, मग बाकाला धरून उठून बसली. बाकीची सभा नुसती शांततेत गेली, पण ती शांतता आमची नेहमीची नव्हती. बायकांच्या डोक्यावरचं प्रत्येक बॉनेट आईकडे वळलेलं.

त्यानंतरचा आठवडा देव कोणाला न दाखवो. मर्सी लोणी मागायच्या निमित्ताने आली.

“डॅमरिस, मी तर सगळ्यांना म्हणते, असेल काहीतरी गैरसमज.”

“लोणी किती हवंय?” आई म्हणाली.

“नाही, पण तोही सॉमरसेटचाच ना? एकाच गावचे असाल तुम्ही.”

“किती हवंय लोणी, मर्सी?”

मग एझ्रा स्वतः आला. गंभीर, हळुवार, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटणारा.

“मी काल संध्याकाळी ओबेदकडे जाऊन आलो,” तो म्हणाला. “घोड्यावरूनच विचारलं त्याला, डॅमरिसविषयी तुझ्या मनात काही ओझं आहे का? त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, देव वेळेवर दाखवील.”

आई चीजच्या फडक्याची घडी घालत होती. ती घडी तिने उलगडली, परत घातली, परत उलगडली.

“त्याला एवढंच म्हणायचं होतं?”

“एवढंच. तुला काही सांगायचंय का?”

“सांगेन,” आई म्हणाली. “सभेत सांगेन.”

एझ्रा गेल्यावर मी तिच्या मागे लागले. काय सांगणार आहेस, त्याचं नि तुझं काय आहे, बोल की! ती म्हणाली, “गायी आण आत.” बस्स.

पुढच्या सभेत ती उठली. प्रार्थनेला नाही, नुसती बोलायला.

“माझ्या नवऱ्यापुढे शपथ ठेवली, तो नाही म्हणाला. माझ्यापुढे ठेवली, मी हो म्हणाले. पुस्तकावर हात ठेवला, शपथ घेतली आणि तुरुंगातून बाहेर आले. तो आत मेला. इतकी वर्षं तुम्ही मला त्याच्या नावाने पुढे बसवलंत, आणि मी बसले. ओबेद स्ट्रोडची आई तिथे आमच्याबरोबर होती. मी बाहेर आले तेव्हा ओबेद दाराशी उभा होता. त्याने पाहिलंय.”

एझ्राने विचारलं, “का घेतलीस शपथ?”

“घाबरले.”

“आणखी काही?”

“नाही. घाबरले.”

ओबेद डोळे मिटून बसला होता, हललासुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कोणी आईला हाकललं नाही. आमच्यात हे सगळं फार मऊपणाने होतं. दोन बायका घरी आल्या, तिच्या हातावर हात ठेवला, आणि म्हणाल्या की काही काळ तू बोलू नयेस, आणि पुढे बसू नयेस. आई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर गेली, जिथे तान्ही मुलं रडली तर बाहेर न्यायला सोपं म्हणून नवीन आया बसतात. मी तिच्या शेजारी बसले खरी, पण तोंड फिरवून. मला जन्मभर बापाचं नाव सांगून वाढवलं हिने! मी कुरकुर केली की म्हणायची, तुझा बाप बघ कसा ताठ राहिला. आणि स्वतः?

पण तिच्यापेक्षा जास्त राग मला त्या गिरणीवाल्याचा होता. एक दिवस मी सरळ गिरणीत घुसले. तो पाठमोरा उभा होता, दगड गरगरत होते, मनगटाला ती दोरी.

“ओबेद स्ट्रोड!” मी ओरडले. “समाधान झालं का तुझं? एका म्हाताऱ्या बाईला खाली बसवलंस, आता झोप लागते ना छान? बोल की मेल्या! तोंड शिवलंय का?”

तो शांतपणे पिठात हात घालून बोटांनी चोळत होता. मी आणखी पुढे गेले. मित्रांच्या मुलीने उच्चारू नयेत असे दोन शब्दही बोलून घेतले. मान नाही वळली. तेवढ्यात वरचं धान्य संपत आलं असावं, मनगटाची दोरी सैल पडली, आणि तो पोतं उचलायला वळला. मला पाहून दचकला, आणि चक्क हसला.

“अगं, डॅमरिसची पोर ना तू? कधी आलीस?”

मी त्याच्या अगदी जवळ उभी होते. माझा घसा बसला होता ओरडून.

मी तोंडावर हात धरला आणि म्हटलं, “तुला ऐकू येत नाही.”

“काय?”

हात काढला. “तुला ऐकू येत नाही.”

त्याचा चेहरा असा उतरला की मला माझ्याच पाठीत धपाटा घालावासा वाटला. त्याने दार लावून घेतलं. “सांगू नकोस कोणाला,” तो म्हणाला. आवाज इतका हळू की मलाच कान द्यावा लागला. जोरात निघेल या भीतीने तो इतकी वर्षं कुजबुजत आला होता. “जहाजावर ताप आला, त्यात गेले कान. धान्य संपलं की दगडांचा आवाज बदलतो; ते कोरडे फिरले तर ठिणगी पडते, गिरणी जळते. बहिऱ्याला कोण ठेवेल गिरणीवर? म्हणून ही दोरी. धान्य आहे तोवर ताण असतो.”

“आणि टोपी? आईच्या प्रार्थनेला टोपी का नाही काढलीस?”

“कधी?”

मी सांगितलं. मग तो सांगायला लागला. कोठारात ओंडक्यांवर टाकलेल्या फळ्या होत्या, शेजारचा उठला की फळी उसळायची, मग हा उठायचा. नव्या सभाघरातलं पक्कं बाक हललंच नाही. सभेत सगळेच डोळे मिटून गप्प, तिथे बहिऱ्याला कोण ओळखणार? हा ओठ बघून बोलणं ओळखायचा, आणि एझ्रा संध्याकाळी घोड्यावरून, टोपीच्या सावलीतून काय बोलला ते याला दिसलंच नव्हतं. म्हणून नेहमीचं उत्तर दिलं.

“म्हणजे तुला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं?”

“शपथेचं? ते माहीत होतं की. पण ते लपवलेलं आहे हे मला कुठे ठाऊक? आणि त्यात काय वाईट? पोर निळी पडली होती गं. आईचं दूध आटलेलं, फरशीवर पाणी. माझी आई म्हणायची, सकाळपर्यंत नाही टिकत.” तो माझ्याकडे बघत राहिला. “तूच ना ती?”

घरी कशी आले मला कळलं नाही. आई ताक घुसळत होती. मी तिच्या हातातली रवी धरली.

“माझ्यासाठी घेतलीस ना शपथ? मग सभेत का नाही बोललीस? घाबरले म्हणून काय सांगत बसलीस?”

“कोण म्हणालं तुला?”

“का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर त्यांनी मला लगेच माफ केलं असतं,” आई म्हणाली. “आणि मग जन्मभर तुझ्याकडे बघत राहिले असते. ही ती पोर, हिच्यापायी जोएल एकटा मेला. सोड रवी.”

मी सोडली नाही. मला रडू आवरेना. तिलाही नसावं आवरत, कारण पहिल्यांदाच ती आपण होऊन बोलली. “मी हात ठेवला ना पुस्तकावर, तेव्हा तुझ्या बापाने भिंतीकडे तोंड केलं. मी हाक मारली, तो वळला नाही. तुला घेऊन बाहेर आले. परत भेटूच दिलं नाही त्यांनी. माणसांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, त्यांचं मला काही नाही. तो तसा गेला, पाठ करून.”

दुसऱ्या दिवशी मी परत गिरणीवर गेले आणि ओबेदसमोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून, हे त्याला सांगितलं. त्याने दोनदा सांगायला लावलं. मग नुसताच डोक्याला हात लावला.

“चार वर्षं मी वाट बघतोय ती पीठ न्यायला येईल म्हणून. बोलायचं होतं. ती तर मला बघून कुंपणं ओलांडते.”

“काय बोलायचं होतं?”

“ते तिलाच सांगेन,” तो म्हणाला, आणि दगड थांबवायला उठला.

त्या रविवारी सभा सुटली, लोक आवारात आले. आई नेहमीप्रमाणे माझा हात धरून फाटकाकडे निघाली. ओबेद आडवा आला. आई या वेळी कुंपणाकडे वळली नाही, थांबली. सगळेच थांबले, मर्सी तर अगदी पुढे सरकून. आणि ओबेदने तोंड उघडलं. एवढी वर्षं दाबलेला आवाज, त्याला मोजमाप कुठलं? तो ओरडलाच. झाडावरचे कावळे उडाले.

“डॅमरिस, तो रागावला नव्हता!”

एझ्रा गोंधळून बघायला लागला. असा आवाज बहिऱ्याचाच, आणि ओबेदने त्याच क्षणी गिरणीवरचं काम घालवलं. भागीदारांनी हिवाळाभर ठेवून घेतला आणि वसंतात दुसरा माणूस आणला. त्याला हे माहीत होतं. तरी तो ओरडतच राहिला.

“भिंतीकडे तोंड करून रडत होता तो! माझी आई शेजारीच होती, तिने पाहिलं! मी रोज भाकरी घेऊन जायचो, तर भाकरी राहिली बाजूला, आधी विचारायचा, पोर प्यायला लागली का? मी तुझ्या दाराशी जायचो, तू मला पाहून दार लावायचीस, मग खिडकीतून बघून यायचो. ज्या दिवशी म्हटलं, प्यायली, आता चांगली लाथा झाडतेय, त्या दिवशी हसला तो! सगळ्या कोठडीला सांगत सुटला, डॅमरिसने वाचवली पोर, डॅमरिसने वाचवली! मरेपर्यंत तेच!”

सगळं आवार माझ्याकडे बघत होतं, आईला नको होतं तसंच. मला कसलीच लाज वाटली नाही.

आईने माझा हात सोडला. ती ओबेदच्या अगदी समोर गेली, मान वर केली, त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून बॉनेटची दोरी सोडून ते मागे ढकललं, आणि म्हणाली, “परत सांग.”